नव्वद किलोच्या आत

आमच्या गावात कुठलीही वस्तू घेताना आधी हलवून बघतात. खुर्ची, दार, लग्नात आलेलं कपाट. हललं नाही की ते चांगलं. ट्रॉली बनवून घेताना कुणी वेल्डरला मापं देत नाही. "भक्कम कर" एवढंच सांगतात, आणि तो इतकं लोखंड घालतो की रिकामी ट्रॉली ओढायलाही ट्रॅक्टर कुंथतो. त्याचा कुणाला राग येत नाही. उलट मालक ती दारात उभी करून येणाऱ्याजाणाऱ्याला हात लावून बघायला सांगतो.

अशा गावात बसून मी हलक्या गाडीच्या स्पर्धेत भाग घेतला होता.

स्पर्धा वेबसाइटवर होती. पुण्यातली एक संस्था आणि तिचे परदेशातले भागीदार ती चालवत होते. दोन माणसं नेणारी आणि कमीत कमी पेट्रोल पिणारी गाडी कुणीही कागदावर काढावी, चित्र सगळ्यांसमोर टाकावं, बाकीच्यांनी दुरुस्त्या सुचवाव्यात आणि मतं द्यावीत, अशी ती योजना. हजार डोकी एकत्र आली की उत्तम गाडी निघते, अशा अर्थाचं काहीतरी पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत होतं. हजार डोकी एकत्र आली की काय निघतं ते मी गावच्या प्रत्येक सभेत पाहिलं आहे. पण माझ्याकडे दुसरा रस्ता नव्हता, म्हणून मी नाव नोंदवलं.

सोलापूरला मेकॅनिकल करून मी सास्तूरला परत आले होते आणि घरात बसून शेजारच्या मुलांना इंग्रजी शिकवत होते. त्याच्याही आधी, पहिलीपासून दहावीपर्यंत, मी पिवळ्या बसमधून उमरग्याच्या इंग्लिश मीडियममध्ये गेले. त्याचा परिणाम एवढाच झाला की गावातल्या मुली माझ्याशी जपून बोलायच्या आणि मी त्यांच्याशी बोलायचेच नाही. मला शिष्ट समजत. मी लाजत असे, पण लाजणारी आणि शिष्ट मुलगी बाहेरून सारखीच दिसते, आणि शिष्ट म्हटलेलं मला जास्त सोयीचं होतं.

माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका, माझ्यासाठी स्थळं आणत होते. ते एके काळी ग्रामपंचायतीचे सदस्य होते आणि अजूनही घरातलं प्रत्येक काम निवडणुकीसारखं करतात. पाहुण्यांसमोर ते माझं वर्णन असं करायचे: "इंजिनेर हाय, पण बोलत न्हाय जास्त." त्यातलं 'पण' मला नेहमी ऐकू यायचं. पप्पा उमरग्याला नोकरीला. शनिवारी येत, आणि मोठे काका बोलायला लागले की जमिनीकडे बघत.

स्पर्धेत शेवटी निवडलेल्यांना पुण्याच्या वर्कशॉपमध्ये सहा महिने जागा मिळणार होती. राहायची सोय, हत्यारं, शिकवायला माणसं, आणि आपली गाडी स्वतःच्या हाताने पूर्ण करायची. जागा चित्र काढणाऱ्याला, म्हणजे एकट्या मला. मला तीच हवी होती. गाडीचं पुढे काय होतं याच्याशी मला फारसं देणंघेणं नव्हतं. घरी मी फक्त "स्पर्धा आहे" असं सांगितलं होतं. बक्षीस असतं का, असं काकूने विचारलं, तेव्हा मी असतं म्हणाले. काका खूश झाले. त्यांच्या डोळ्यांसमोर कप आणि पेपरमधला फोटो आला असणार. सहा महिन्यांचं मी कुणाला बोलले नाही.

वेबसाइटवर इतरांची चित्रं बघून मला पहिल्या आठवड्यात धीर आला. लोकांनी कमळाच्या पाकळ्यांसारखी उघडणारी दारं काढली होती. जवळपास प्रत्येकाच्या छतावर सोलर पॅनेल होतं. ते किती जड असतं याचा हिशेब कुणाकडे नव्हता. एका चित्रात गाडीच्या आत कुंडी होती, आणि त्याला भरपूर मतं होती. माझी गाडी म्हणजे पुढे दोन चाकं, मागे एक, एकामागे एक दोन सीट, पातळ पाइपची चौकट, वर ताडपत्रीसारखं कापड आणि जुन्या मोपेडचं इंजिन. दिसायला काही नाही. आमच्याकडे बायकांना लोहाऱ्याला जायचं तर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसायचं, नाहीतर ऑटो भरेपर्यंत फाट्यावर उभं राहायचं. ते समोर ठेवून मी ती काढली होती.

त्यावर एका थंड देशातल्या गृहस्थांनी लिहिलं की तुमच्या चित्रात तुमची माती दिसत नाही, चाकांमध्ये बैलगाडीचा वारसा आणता येईल का? बैलगाडीचं चाक एकटं किती वजनाचं असतं हे त्यांना कळवायचा मोह मी आवरला. त्या साइटवर सगळे सगळ्यांचे आभार मानायचे; मीही मानले. बंगळूरच्या एका मुलाने मला सोलर पॅनेल सुचवलं.

मतांचं काम मात्र मोठ्या काकांनी केलं. मी लिंक फक्त चुलत बहिणीला पाठवली होती. तिच्याकडून ती त्यांच्या मोबाइलवर गेली, आणि त्यांनी ती भावकीच्या, देवस्थानाच्या, सोसायटीच्या अशा सगळ्या ग्रुपवर सोडली. 'आपल्या लेकीला मत द्या.' बेंबळीच्या एका पाहुण्यांनी फोन करून चिन्ह कोणतं ते विचारलं. कुणी गाडीचं चित्र उघडून पाहिलं असेल असं मला वाटत नाही. पण मतं पडली, परीक्षकांनीही मला पुढे ढकललं, आणि शेवटच्या यादीत आम्ही थोडेच राहिलो. आता गाडी प्रत्यक्ष बनवून, व्हिडिओ कॉलवर तिचं वजन करून दाखवायचं होतं. नव्वद किलोच्या आत बसली तर जागा. सामानाचा खर्च संस्थेने दिला.

गावात फॅब्रिकेशनचं दुकान एकच. तिथला वेल्डर मोठ्या काकांचा माणूस, आणि स्वतःला लई कारागीर समजणारा. मी आणलेले पाइप त्याने बोटांनी दाबून बघितले.

"ताई, ह्याच्यावर माणसं बसणार हायेत का कोंबड्या?"

"माणसं."

"मग दीड इंची अँगल घाला की. हे पाइप पडद्याला लावतेत."

मी शेजारी उभी राहून चित्राप्रमाणेच करून घेतलं. रोज तो एकदा अँगल सुचवायचा, रोज मी नको म्हणायचे. चार शब्द बोलायला मला जेवढे कष्ट पडतात तेवढे त्याला वेल्डिंगला पडत नव्हते. गाडी उभी राहिली. मेडिकलमधून आणलेला माणसांचा वजनकाटा एकेका चाकाखाली ठेवून, बाकीच्या चाकांखाली विटा लावून, मी तिन्ही आकडे मिळवले. नव्वदच्या बऱ्याच आत होती. मी तिच्यात बसून गावातल्या सरळ रस्त्यांवर दोन चकरा मारल्या. लोक हसले. एका बाईने विचारलं की ही पूर्ण कधी होणार.

हे हसणं मी समजून घ्यायचा कधी प्रयत्न केलेला नाही. माझ्या जन्माच्या आधी, भूकंपात, ह्या भागात माणसं मेली ती घरांच्या वजनाखाली. दोन-दोन हात जाड दगडी भिंती आणि त्यावर मातीचं माळवद. मोठ्या काकांनी स्वतः उघड्या हातांनी दगड उपसून लोकांना बाहेर काढलं होतं. ते सांगताना त्यांचा आवाज अजून बदलतो, आणि तेवढ्या वेळेपुरती मी त्यांच्याकडे वर बघते. पण त्याच काकांनी नंतर सरकारकडून मिळालेल्या साध्या घराला खोकं म्हणून नावं ठेवली आणि त्याच्यापुढे दगडी कमान बांधली. तिच्याखालून जाताना मी अजूनही भरभर चालते.

वजनाच्या आदल्या आठवड्यात मला मार्कशीटच्या कामासाठी सोलापूरला जावं लागलं, आणि मी मावशीकडे राहिले. परत आले तर गाडी काकांच्या दारात, हार घालून उभी. चाकांखाली चिरडलेली लिंबं. समोर जाड पाइपचं गार्ड, ट्रकला असतं तसं. मागे कॅरिअर, खाली पत्रा, दोन्ही बाजूंना अँगल. गार्डवर लाल रंगात काकांचं पूर्ण नाव आणि खाली 'माजी सदस्य'.

"कशी दिसतीय?" काकांनी विचारलं. ते खरोखर उत्तराची वाट बघत होते. वेल्डर शेजारी उभा राहून नवऱ्यामुलाच्या करवल्यासारखा हसत होता.

"हे का लावलं?"

"का म्हंजे? तू पुण्याच्या लोकास्नी गाडी दाखवणार. त्यांनी म्हणायचं, ह्या लोकांकडं लोखंडबी न्हाय. उगं झाडूच्या काड्या बांधल्यागत."

"आता हिच्यात दम आला, ताई," वेल्डर म्हणाला. "धडकली तरी समोरच्याचं नुकसान."

मी मेडिकलचा काटा आणला आणि सगळ्यांसमोर पुन्हा विटा मांडल्या. कुणी मदत केली नाही, कुणी अडवलंही नाही. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

"एकशे पाच भरतेय, पंधरा किलो जास्त," मी म्हणाले. "नव्वदच्या वर चालत नाही. काढावं लागेल."

"पूजा झालेल्या गाडीला कटर लावतेत व्हय?" काका म्हणाले. "अपशकुन असतो. नारळ फोडलाय मी."

"नियम आहे काका."

"नियम कुठं नसतो? पंधरा किलो म्हंजे काय, एका लेकराचं वजन. काट्याचं म्या बघतो. तू फक्त इंग्लिश बोल."

मी वेल्डरकडे बघितलं. तो काकांकडे बघत होता. मम्मी आत गेली. पप्पांना फोन केला तर ते म्हणाले, "मोठ्या काकांना दुखवू नको, बघू काहीतरी." काहीतरी बघायला ते अर्थातच आले नाहीत.

नियमांत एक सोय होती. पहिल्या वेळी वजन जास्त भरलं तर आठवड्याच्या आत पुन्हा एकदा करता येत होतं. मी ठरवलं की खरं वजन दाखवायचं, हरायचं, आणि ती हार काकांना दाखवून लोखंड काढायला लावायचं. अख्खी गाडी चढेल असा मोठा काटा काकांच्या ओळखीच्या सोयाबीनच्या आडत दुकानात होता. 'काट्याचं बघतो' याचा अर्थ मी एवढाच घेतला की ते दुकानात शब्द टाकतील.

दुकानात पोत्यांच्या थप्प्या आणि सोयाबीन घालायला आलेले सात-आठ शेतकरी. आडत्या, म्हणजे दुकानाचा मालक, काकांच्या वयाचा. त्याने मला "या मॅडम" म्हटलं आणि काकांकडे बघून मान हलवली. मी मोबाइल एका पोत्यावर टेकवून ठेवला. पडद्यावर पुण्याच्या परीक्षक बाई, परदेशातले एक परीक्षक, आणि खाली साइटवरचे बघे, जे बोलू शकत नव्हते पण हृदयाची चित्रं पाठवू शकत होते. गाडी काट्यावर चढवली. गार्ड मोबाइलसमोर यावं म्हणून काकांनी ती थोडी वळवून घेतली.

काट्यावर शहाऐंशी आले.

काका माझ्याकडे बघून हसले. तेव्हा मला कळलं. गावातला माणूस जन्मभर ओरडतो की काट्यावर आपला माल मारतात, आणि एक दिवस त्याला त्या काट्याकडून काम करून घ्यायची संधी मिळते, तर तो काय करतो? माल मारून घेतो. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाचं काही नव्हतं. त्यांना वाटलं होतं, मी आभार मानेन.

खरं सांगायचं तर एक क्षण मी गप्प राहिले. तो आकडा पडद्यावर दिसत होता, बाई हसत होत्या, आणि पुणे तिथून हातभर अंतरावर होतं.

मग बाई म्हणाल्या, छान, आता काटा तपासून घेऊ. छापील वजनाची बंद गोणी ठेवा. हे नियमातच होतं. मला माहीत होतं, काकांनी मला विचारलं नव्हतं.

"काय म्हणाल्या?" काका.

"सिमेंटची गोणी ठेवायची आहे."

"कशाला?"

"ठेवायची असते."

काकांना वाटलं असेल की हा पुण्याच्या लोकांकडचा काहीतरी विधी. शेजारच्या दुकानातून त्यांनी स्वतः माणूस पाठवून गोणी आणवली, वर स्वतःच्या उपरण्याने तिच्यावरची धूळ झटकली. पन्नास किलोची, टाके न उसवलेली. काट्यावर एक्केचाळीस आले.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मागून एक म्हातारा शेतकरी पुढे आला आणि आकड्याकडे बघत उभा राहिला.

"ही गोणी पन्नासची असती न्हवं?"

"असती की," दुसरा म्हणाला.

"सकाळी माझं सोयाबीन ह्याच काट्यावर मोजलं."

"ते येगळं होतं, बाबा," आडत्या घाईने म्हणाला. "हे आत्ता सेट केलंय. ह्यांच्या गाडीसाठी."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे सावकाश बघितलं. "म्हंजे सेट होतो तर."

"अहो, एकदाच."

"गाडीसाठी एकदाच, आन् सोयाबीनसाठी रोज."

मग जे सुरू झालं त्याला भांडण म्हणणं कमी होईल. कुणी काट्यावर स्वतः चढून वजन बघायला लागलं, कुणी पोती ओढून परत आणली. "धा वर्षांचा हिशेब काढ," असं एकाने म्हटलं, आणि आडत्या मोठ्या काकांकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्यांनीच सांगितलं." काका म्हणाले की त्यांनी तसं काही सांगितलेलं नाही, ते फक्त 'बघा' म्हणाले होते. हे मात्र अक्षरशः खरं होतं.

परीक्षक बाईंनी मला विचारलं, काट्यात काही दोष आहे का?

काका माझ्या कानाजवळ आले. "सांग, सिमेंटवाला कमी भरतोय."

मी मोबाइल हातात घेतला आणि इंग्रजीत सांगितलं की काटा मुद्दाम कमी दाखवायला लावला आहे, मला आत्ता कळलं. गाडी माझ्या मोजणीप्रमाणे पंधरा किलोने जास्त आहे. तिच्यावरचं लोखंड माझ्या चित्रातलं नाही, मी नसताना लावलं गेलं. मला नियमाप्रमाणे दुसरी वेळ हवी. इतकं सलग मी बऱ्याच दिवसांत कुणाशी बोलले नव्हते. इंग्रजीत बोलायचं एक बरं असतं, आजूबाजूला कुणी थांबवत नाही. खाली हृदयांची रांग लागली होती. कुणीतरी लिहिलं, किती जिवंत समाज! म्हातारा तेव्हा आडत्याच्या सदऱ्याला धरून होता.

परदेशी परीक्षकांना सगळा प्रकार फार आवडला. ते म्हणाले की समाजाचं तुमच्या गाडीवरचं प्रेम त्या लोखंडातून दिसतं, ही एक सुंदर गोष्ट आहे, ती तुम्ही लिहून पाठवा. बाई निदान कामाचं बोलल्या: फसवणूक तुम्ही स्वतः सांगितली म्हणून बाद करत नाही, सोमवारी दुसऱ्या काट्यावर, शेवटची वेळ. नियमात लिहिलेली माझी संधी त्यांनी मला उपकार केल्यासारखी दिली, आणि मी आभार मानले.

घरी जाताना काका ट्रॅक्टरवर पुढे, मी ट्रॉलीत गाडी धरून. उतरल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "इंग्लिश शाळेत घातलं ते चार माणसांत नाक कापायला." काकूने मला चहा दिला नाही. गावात मात्र तोवर वेगळंच पसरलं होतं, की मोठ्या काकांनी पुण्याच्या लोकांना बोलावून आडत्याचा काटा पकडला. संध्याकाळी दोघे-तिघे येऊन त्यांचं अभिनंदन करून गेले. ते त्यांनी न लाजता घेतलं.

गाडीवरचं लोखंड अजून तसंच होतं. खरं बोलून ते निघणार नाही हे मला समजलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांकडे गेले. ते ओट्यावर दाढी करत होते.

"काका, त्या लोकांना गार्डचा फोटो हवाय."

त्यांनी वस्तरा पाण्यात बुडवून झटकला.

"वेगळा. नावासकट. गाडीला असताना नाव नीट दिसत नाही म्हणाले."

वस्तरा गालावर थांबला. "नाव वाचलं त्यांनी?"

"विचारत होते कोण म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"माजी सदस्य."

त्यांनी आरशात बघून उरलेली बाजू पूर्ण केली. घाई दिसू नये याची काळजी घेतली. "मग ते सुटं करावं लागंल."

"हो. आणि कॅरिअर, अँगल, खालचा पत्रा, सगळं एका ओळीत मांडायचंय."

"पण पूजा झालीय."

"मम्मी म्हणत होती, नारळ फोडून माफी मागितली की चालतं."

मम्मी असं काही म्हणाली नव्हती. पण काकांच्या श्रद्धेला नारळाचा रस्ता नेहमीच मोकळा असतो, हे मी घरातच शिकले होते. दुपारी ते स्वतः नारळ घेऊन वेल्डरकडे आले. वेल्डर म्हणाला, "जीव तुटतोय ताई, एवढा चांगला जोड," आणि कटर चालू केलं. कापलेलं लोखंड भिंतीला टेकवून ठेवलं, काका शेजारी टोपी घालून उभे राहिले, आणि मी फोटो काढला. तो माझ्या मोबाइलमध्ये आहे. कुणाला पाठवलेला नाही. मला ह्याचं वाईट वाटलेलं नाही. खरं बोलले तेव्हा घरात चहा बंद झाला, खोटं बोलले तेव्हा काकूने शिरा पाठवला.

सोमवारी आम्ही लोहाऱ्याला एका स्टील-सिमेंटच्या दुकानात गेलो. ते मी निवडलं. तिथे लोखंड किलोवर विकतात; तो काटा चुकलाच तर जास्त दाखवेल, कमी नाही, आणि मला कुणाच्या ओळखीची गरज नव्हती. काका आले, कारण ते आल्याशिवाय ट्रॅक्टर येत नव्हता. दुकानात फक्त मालक आणि एक हमाल. सिमेंटची गोणी ठेवली, पन्नास आले. गाडी ठेवली, चौऱ्याऐंशी आणि वर थोडं. ताडपत्रीची एक कड वाऱ्याने फडफडत होती, तेवढ्याने शेवटचा आकडा नाचत होता.

बाईंनी आकडा लिहून घेतला. परदेशी परीक्षकांनी विचारलं की ते सुंदर गार्ड कुठे गेलं. मी म्हणाले, काढलं. ते हळहळले. मग बाईंनी सांगितलं की तुमची जागा पक्की, महिनाअखेरीस यायचं, राहायची खोली दोघींत एक, कागद मेलवर येतील. येणार ना, असं त्यांनी विचारलं. मी "येस" म्हटलं. कॉल बंद झाला.

"काय म्हणाल्या?" काका.

त्या वेळी मी काहीही सांगू शकले असते. कप मिळाला, फोटो आवडला, पुढच्या वर्षी या. आठवडाभर हेच करून मी सराईत झाले होते. पण ही गोष्ट मला खोटी करून घ्यायची नव्हती.

"मला पुण्याला बोलावलंय. वर्कशॉपमध्ये. सहा महिने."

"गाडी घेऊन जायाची?"

"गाडी आणि मी."

"संगं कोण?"

"कुणी नाही. जागा एकीचीच असते."

त्यांनी हमालाकडे बघितलं, हमालाने दुसरीकडे. दुकानदार सळ्यांचं बिल करत असल्यासारखा खाली वाकला.

"घरात इचारावं लागतं," काका म्हणाले. "तुझ्या पप्पाला इचारू. बघू."

"मी हो म्हटलंय."

"कवा?"

"आत्ता. तुमच्यासमोर."

त्यांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मला वाटलं की आता ओरडतील, आणि ओरडले असते तर मी कदाचित रडलेही असते. मला ओरडून बोललेलं अजून सोसत नाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बेंबळीचे पाहुणे होते, चिन्ह विचारणारे. काकांनी फोन कानाला लावला, माझ्याकडे पाठ केली, घसा खाकरला.

"व्हय, झालं वजन. बसली आत. बसणार न्हाय तर काय," ते म्हणाले. थोडा वेळ ऐकून घेतलं. "न्हाय न्हाय, कप न्हाय. त्याच्यापेक्षा मोठं. आमी पाठवतोय तिला पुण्याला. सहा महिने. आता घरात सगळ्यांचं न्हायच म्हणणं होतं, पन म्या म्हणलं, जाऊ द्या पोरीला."

मी त्यांना दुरुस्त केलं नाही. त्यांचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायचीही गरज नव्हती. मी गाडी काट्यावरून खाली घेतली आणि बाहेर ट्रॉलीकडे एका हाताने ढकलत नेली.